पुलापर्यंत जाणारी मोटारसायकल

कार्बोरेटर साफ करायला अर्धा तास पुरतो, असं मोटारसायकलच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. ज्याने ते लिहिलं त्या गृहस्थाला बापूंना एकदा भेटायचं आहे. भांडायला नाही हो, नुसतं विचारायला, की बाबा रे, तुझं लग्न झालं होतं का, तू कुठल्या सोसायटीत राहायचास, आणि तुझ्या घरात बर्फाचा ट्रे होता का.

बापू पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासतात. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असा हा सुखाचा धंदा. पण धंदा एकदा अंगात मुरला की मुरलाच. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा बापू खिशातलं लाल पेन काढल्याशिवाय वाचू शकत नाहीत. ते माहितीपुस्तक उघडलं तेव्हा पहिल्याच पानावर इतका लाल रंग सांडला की कार्बोरेटरच्या पानापर्यंत पोचायला संध्याकाळ झाली, आणि तिथे पोचल्यावर कळलं की आकृती उलटी छापली आहे.

आता कोणी म्हणेल, एवढं करायचं कशाला, ती जुनी गाडी देऊन टाकायची. सगळे तेच म्हणत होते. पण छापखान्यात चालायचं संपादकांचं, सोसायटीत सेक्रेटरींचं आणि घरात कोणाचं ते सांगायला नको. जगात एवढी एकच वस्तू होती जिचं हँडल बापूंच्या हातात होतं. डावीकडे वळवलं की ती डावीकडे वळायची, का म्हणून विचारायची नाही. अशी वस्तू माणूस सहजासहजी भंगारात घालत नाही.

तर या मोटारसायकलला अलीकडे एक खोड लागली होती. सकाळी पहिल्या किकला चालू व्हायची, अगदी गुणी बाळासारखी. गल्ली ओलांडायची, बाजार ओलांडायचा, आणि नदीवरच्या पुलाच्या बरोबर मध्यावर आली की दोन आचके देऊन बंद पडायची. बापू उतरायचे. पेट्रोल संपलं का ते बघायला टाकीचं झाकण उघडायचे, आत डोकावायचे, डॉक्टरने पेशंटचा घसा बघावा तसं "हं" म्हणायचे, झाकण लावायचे आणि किक मारायचे. गाडी चालू! तेव्हा बापूंनी असा निष्कर्ष काढला होता की तिला पुलावर विश्रांती लागते. वय झालं की लागतेच, बापूंनाही लागते.

हे असंच चाललं असतं, पण एका संध्याकाळी मागच्या सीटवर बायको होती. बापूंची बायको मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते. तिच्या एका नजरेने शंभर मुली पानातली भाजी संपवतात. ती त्या दिवशी एका समारंभासाठी चांगले कपडे घालून निघाली होती. पुलावर गाडीने आचके दिले, मागून मुलींची बस आली, आणि खिडक्याखिडक्यांतून मुलींनी पाहिलं की आपल्या बाई गाडी ढकलतायत. मुलींनी हात हलवले. एकीने तर टाळ्या वाजवल्या. बायको काही बोलली नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बापूंना एवढं कळलेलं होतं की ती बोलत नाही तेव्हा जपून राहावं.

घरी आल्यावर तिने निकाल दिला. येत्या रविवारी ताईकडे, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीकडे, जेवायला जायचं होतं. पुलाच्या पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

"मी मागे बसेन," ती म्हणाली. "ताईच्या दारात पोचलो तर गाडी राहील. मध्ये बंद पडली, तर आहे तिथूनच भंगारवाल्याला फोन करीन. नंबर घेऊन ठेवलाय."

बापू लगेच कामाला लागले. त्यांनी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने सीट काढली, टाकीत डोकावलं, किक मारली, दुकानाला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, गाडीत काही नाही, चालवणाऱ्याला दाखवून घ्या. बापू परत निघाले ते तडक पुलावर येऊन बंद पडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर मेकॅनिक भावाच्या लग्नाला गावी गेलेला. तेव्हा बापूंनी ठरवलं, आपणच करायचं.

यंत्रातलं बापूंना काही कळत नाही असं म्हणणं हा अन्याय होईल. मागे सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली होती, की बापूंची गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी असते आणि तिच्या टाकीतून पेट्रोलचा वास येतो. सेक्रेटरींना दोनच गोष्टींचा अभिमान, एक त्यांचं नाक आणि दुसरा पुढचा पिवळाधमक धातूचा दात. नाकाचा प्रश्न आल्यावर त्यांनी लेखी नोटीसच लावली. बापूंनी झाकण काढून नीट पाहिलं, तर झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक! उघडउघड कारखान्यातली चूक. एवढी मोठी कंपनी, पण छपाईला जाण्याआधी कोणी तपासलंच नव्हतं. बापूंनी ती चूक दुरुस्त केली. जाड रबराची एक गोल चकती कापली आणि झाकणाच्या आतून अशी घट्ट बसवली की वासाची काय बिशाद बाहेर यायची. सेक्रेटरींनी नोटीस उतरवली, जाहीर आभार मानले, आणि बापूंना पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच मुद्रितांत आयुष्य घालवलं, इंजिनियर व्हायला हवं होतं.

चकतीचं रबर कुठून आलं, हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते आलं होतं बायकोच्या घरात घालायच्या चपलेतून. निळी चप्पल, पांढऱ्या ठिपक्यांची. बापूंना ती जुनी वाटली होती. बायको ती शोधायला लागली तेव्हा कळलं की ती जुनी नव्हती, आवडती होती. आता अशा वेळी माणसाने काय करावं? बापू एवढंच म्हणाले, की कुत्र्यांना रबर फार आवडतं म्हणे. यात खोटं काही नव्हतं. पण वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे एक कुत्रा होता, आणि बायको तडक वर गेली. पुढे जे झालं ते जिन्यात सगळ्यांनी ऐकलं. दोघी रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जायच्या, ते बंद झालं. कुत्र्याला जिन्यात मोकळं सोडणंही बंद झालं. तो बिचारा साखळीला बांधलेला असायचा आणि बापू दिसले की शेपटी हलवायचा. बापूंना ते बघवायचं नाही. ते मान खाली घालून जिना उतरायचे.

असो. कार्बोरेटर पार्किंगमध्येच उघडायचा बापूंचा विचार होता, पण सेक्रेटरींनी सांगितलं की सामाईक जागेत दुरुस्ती करायची तर अर्ज लागेल. अर्ज समितीपुढे जाईल, समितीची बैठक अध्यक्ष आल्यावर होईल, आणि अध्यक्ष मुलाकडे परदेशात गेले आहेत, नातू शाळेत जायला लागेपर्यंत येणार नाहीत. नातू अजून रांगत होता. मग बापूंनी कार्बोरेटर सोडवला आणि टॉवेलात गुंडाळून वर बाल्कनीत आणला. जिन्यात भेटलेल्या, सोसायटीतल्याच औषधाच्या दुकानदाराला वाटलं, घरात छोटा पाहुणा आला. त्याने वाकून बघायचा प्रयत्नही केला.

कार्बोरेटर उघडला की त्यातून बरंच काही निघतं. खाली पेट्रोलची वाटी, तिच्यात तरंगणारा फ्लोट, त्याला धरणारी एक पिन, आणि पितळेचे दोन इवलेसे जेट, ज्यांच्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. यातलं एक जरी हरवलं तरी खेळ खलास. म्हणून बापूंनी डोकं लढवलं. मोठे भाग ताटात मांडले आणि बारीक भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात ठेवले. काय पण ती व्यवस्था! स्वतःच्याच हुशारीकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग ट्रे ओट्यावर ठेवून हात धुवायला गेले, आणि हाताचा वास जाईना म्हणून आंघोळच केली.

तेवढ्यात बायको कामावरून आली. ओट्यावर ट्रे दिसला की भरायचा आणि फ्रीजमध्ये ढकलायचा, ही तिच्या हाताची सवय. शंभर मुलींचं करणारी बाई, ती काय ट्रेमध्ये डोकावून बघत बसणार? बापू आंघोळ करून आले तर ट्रे नाही. त्यांनी बाल्कनी शोधली, पलंगाखाली शोधलं, केराचा डबा उपडा केला. बायकोला विचारायचा धीर होईना, कारण कार्बोरेटर घरात आणल्याचं तिला सांगितलेलं नव्हतं. रात्र त्यांनी तळमळत काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी आले. बाल्कनीतून पेट्रोलचा वास येत असल्याची नोंद त्यांच्या नाकाने घेतली होती. बायकोने त्यांना बसवलं आणि बर्फ घातलेलं पाणी दिलं. सेक्रेटरींनी सामाईक जागा आणि खासगी जागा यांतला फरक समजावत ग्लास रिकामा केला, सवयीने शेवटचा बर्फ तोंडात टाकला आणि दाढेखाली घेऊन कडकन फोडला.  मग त्यांची जीभ तोंडात काहीतरी चाचपायला लागली. त्यांनी हळूच रुमाल तोंडाशी नेला, रुमालात पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. रुमालात पिवळं, धातूचं, दाताएवढं काहीतरी होतं. दात पडला, एवढंच ते कसंबसं म्हणाले, आणि रुमालाची पुरचुंडी खिशात घालून दाताच्या डॉक्टरकडे निघाले.

बापू दारात आडवे उभे राहिले.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले, "तो दात माझ्या गाडीचा आहे."

हे पटवून द्यायला बराच वेळ गेला. शेवटी आरसा आणावा लागला. सेक्रेटरींनी आपला दात जागेवर असल्याची दोनदा खात्री केली, जेट परत केला आणि नवी नोटीस लिहायला निघून गेले. बायकोने फ्रीजमधून ट्रे काढला आणि बापूंसमोर ठेवला. उरलेला जेट आणि पिन बर्फात छान दिसत होते. बर्फ वितळण्याची वाट बघत तीही समोर बसून राहिली.

बातमी अर्थात सोसायटीभर झाली, आणि मग सल्ले सुरू झाले. औषधाच्या दुकानदाराने इंजेक्शनची सुई आणि स्पिरिट आणलं, जेटचं भोक आपल्या हाताने साफ केलं. गाडी जोडली, बापूंनी झाकण उघडून टाकीत डोकावलं, किक मारली, आणि सोसायटीला चक्कर झाली. दुकानदाराने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की रोग माणसाचा असो की यंत्राचा, नस सापडावी लागते. संध्याकाळी गाडी पुलावर बंद. मग सेक्रेटरी स्वतः आले, कारण चालत नसलेल्या वाहनाला पार्किंगमध्ये जागा नाही असा त्यांनी नवा नियम काढला होता. त्यांचं म्हणणं, फ्लोट अडकतो, कार्बोरेटरला लाकडाने दोन टोले द्या. टोले दिले, बापूंनी टाकीत डोकावलं, चक्कर झाली. सेक्रेटरींनी वाहन चालू असल्याचा शेरा मारला. सकाळी गाडी पुलावर बंद. वरच्या काकूंनीही, बायकोशी बोलणं बंद असलं तरी, जिन्यातून सांगितलं की गाडीला रागावू नका, मुकी वस्तू आहे, तिच्याशी प्रेमाने बोला. तिथे कोणी नाहीसं बघून बापू गाडीशी प्रेमाने बोललेसुद्धा. त्याही वेळी चक्कर झाली, त्याही वेळी पूल आला.

प्रत्येकाचा उपाय लागू पडत होता, आणि प्रत्येकजण आपल्याच उपायाने कॉलर ताठ करून फिरत होता. गाडी पुलावर बंद पडते हे कोणी मानायलाच तयार नव्हतं. दुकानदार तर म्हणाला, बापू, तुम्ही पुलावर जाताच कशाला? साडूंचा फोन आला. साडू म्हणजे ताईचे यजमान. त्यांनी नुकतीच नवी गाडी घेतली होती. आमच्या गाडीला कार्बोरेटर हा प्रकारच नाही, असं ते म्हणाले, आमच्या घराण्यात वेड नाही असं म्हणावं तसं. रविवारी हवं तर घ्यायला येतो, असंही म्हणाले. बापूंना ते फार लागलं. साडूंच्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलेले आपण त्यांच्या डोळ्यांपुढे आले, आणि पुढचं सगळं आयुष्य तसंच बसलेले दिसले.

रविवार उजाडला. शनिवारी दिवसभर बापूंनी कार्बोरेटर पुन्हा उघडला होता, पुसला होता, फुंकला होता. आता त्यात जे काही होतं ते जेवणाच्या भांड्यांपेक्षा स्वच्छ होतं. निघताना खाली सगळी मंडळी जमली. काकू गॅलरीत आल्या, कुत्राही कठड्यातून नाक काढून बसला. बायको ताईसाठी एक फुलझाडाची कुंडी मांडीवर घेऊन मागे बसली. एका हातात कुंडी, दुसऱ्या हातात फोन. बापूंनी टाकीत डोकावलं, झाकण लावलं, किक मारली.

गल्ली गेली. बाजार गेला. पूल आला.  पुलाचा मध्य जवळ आला आणि गाडीने पहिला आचका दिला. बापू मनातल्या मनात तिच्याशी इतक्या प्रेमाने बोलले की तसं ते बायकोशीही कधी बोलले नसतील. दुसरा आचका आला. गाडी थांबली.

बायको उतरली. तिने कुंडी कठड्यापाशी ठेवली आणि फोन उघडला. बापूंना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. रडू येईल की काय असं झालं. तोंड दिसू नये म्हणून त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि दुसरं काही सुचेना म्हणून सवयीने टाकीचं झाकण उघडलं.

"थांबा," बायको म्हणाली. "आवाज कसला आला?"

"कसला आवाज?"

"झाकण काढताना. सुस्स झालं."

बापूंनी तर आजवर कधी ऐकला नव्हता. ते झाकण उघडायचे तेव्हा त्यांचं सगळं लक्ष पेट्रोलकडे असायचं. बायकोने फोन खाली घेतला. ती एकदा टाकीकडे बघत होती, एकदा बापूंकडे. मग तिने विचारलं, की दर वेळी बंद पडली की तुम्ही हे झाकण उघडता, आणि उघडलं की मग ती चालू होते, असंच ना? बापू म्हणाले, हो, पण त्याचा काय संबंध?

"तेलाच्या डब्याला आम्ही एकच भोक कधी पाडत नाही," बायको म्हणाली. "दोन पाडतो. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. वारा नाही गेला तर तेल येत नाही, डबा कितीही उपडा करा. या टाकीला दुसरं भोक नाही का?"

 झाकणाच्या मधोमध असलेलं ते बारीक भोक बापूंना आठवलं, कारखान्यातली ती चूक, जी त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. सगळं एका क्षणात लख्ख कळलं. आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट कळली, की झाकण उलटं करून दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांनी मूठ घट्ट मिटली. गाडी हवी की इभ्रत हवी, असा हा प्रश्न होता, आणि विचार करायला वेळ नव्हता, कारण बायकोने हात पुढे केला होता.

बापूंनी झाकण तिच्या हातात दिलं.

तिने ते उलटं केलं. आत निळी चकती होती, पांढऱ्या ठिपक्यांची. बायको तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. पुलावरून गाड्या जात होत्या, खाली नदी वाहत होती. बापूंना वाटलं, आत्ता नदीत उडी मारली तर निदान नवी नोटीस तरी लागणार नाही.

बायकोने चकती नखाने उचकटून काढली, झाकण परत दिलं आणि फोन कानाला लावला. ती भंगारवाल्याला गाडीचा काय पत्ता सांगते ते ऐकायला बापू तयार होऊन उभे राहिले.

"काकू," बायको फोनवर म्हणाली, "मी खालून बोलतेय. म्हणजे पुलावरून. माझी चप्पल सापडली. तुमच्या कुत्र्याने नव्हती नेली. मी उगाच त्याच्यावर आळ घेतला, चुकलं माझं." मग तिने तिकडचं ऐकून घेतलं, आणि बापूंकडे न बघता म्हणाली, "कोणी ते विचारताय होय? थांबा, देते."

आणि तिने फोन बापूंच्या हातात दिला.

त्यानंतर काकूंनी जे काही ऐकवलं ते बापूंनी मान खाली घालून ऐकलं. लाल पेन खिशातच होतं, पण एकही चूक काढावीशी वाटली नाही. फोन संपल्यावर ते बायकोला म्हणाले, चुकलं. तिने कुंडी उचलली, मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, चला आता, ताई वाट बघत असेल. बापूंनी किक मारली. गाडी पूल ओलांडून गेली, मग नदीकाठचा रस्ता गेला, चढ गेला, आणि ताईच्या दारापर्यंत तिने एकदाही आचका दिला नाही. वाटेत बायकोचा एक हात बापूंच्या खांद्यावर होता. तो रागाने ठेवलेला होता की कसा, हे बापूंना शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो तिथे होता हे खरं.

दारात साडू उभेच होते. बापूंच्या आधी त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं होतं शेवटी? बापूंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बायको बोलली.

"कार्बोरेटरमध्ये कचरा होता," ती म्हणाली. "ह्यांनीच शोधून काढला."

साडू म्हणाले, मी म्हणतच होतो. बापू दिवसभर जेवताना, हसताना, साडूंच्या नव्या गाडीचं कौतुक ऐकताना आज्ञाधारकासारखे गप्प बसले. बायकोच्या पर्समध्ये एक निळी चकती आहे हे त्यांना एक घासभरही विसरता आलं नाही.

गाडी राहिली. नवी चप्पल आली. काकू आणि बायको पुन्हा संध्याकाळी फिरायला जायला लागल्या, आणि बापूंची शिक्षा त्या दोघींनी फिरता फिरताच ठरवली. दर रविवारी सकाळी बापूंनी कुत्र्याला फिरवून आणायचं, मोटारसायकलवरून. कुत्रा पुढे टाकीवर पाय टेकून बसतो, कान वाऱ्यावर सोडतो. सेक्रेटरींनी याविरुद्धही एक नियम तयार ठेवला आहे, पण अध्यक्ष अजून आलेले नाहीत.

गाडी आता पुलावर बंद पडत नाही. तरी मध्यावर आलं की बापू थांबतात, झाकण उघडतात आणि आत डोकावून "हं" म्हणतात. कुत्राही डोकावतो.